शिकवणं सुधारण्यासाठी तीन-चार महाविद्यालयांनी मिळून प्रकल्प कसा उभारावा

गोव्यातल्या महाविद्यालयांत नव्याने लागलेल्या आणि दुसऱ्या महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांसोबत काहीतरी करून पाहावं असं वाटणाऱ्या शिक्षकांसाठी हा लेख आहे. सोय अशी की गोवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत एका विषयाचा अभ्यासक्रम सामाईक असतो. पेडण्याला आणि काणकोणला एकाच महिन्यात साधारण तोच भाग शिकवला जातो, आणि मुलं अडतातही बहुतेक त्याच जागी. तरीही प्रत्येक शिक्षक ती अडचण आपापल्या वर्गात एकट्यानेच सोडवत बसतो.

इथे ‘प्रकल्प’ म्हणजे परिसंवाद नाही आणि पाहुण्यांचं व्याख्यानही नाही. तीन-चार महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी अभ्यासक्रमातली एक अडचण निवडायची, तिच्यावरचा तास एकत्र आखायचा, आळीपाळीने शिकवायचा आणि फरक पडला का ते मोजायचं. जपानी शाळांत ‘जुग्यो केन्क्यू’ नावाने हे फार जुन्या काळापासून चालतं. पुढची मांडणी त्याच धर्तीची आहे, फक्त आपल्या सेमिस्टरच्या मापाने बेतलेली.

१. आधी गाठ निवडा, विषय नको

‘अर्थशास्त्राचं अध्यापन सुधारणे’ हा प्रकल्प होऊ शकत नाही. ‘मागणीतला बदल (म्हणजे अख्खा वक्रच सरकणं) आणि मागणीच्या वक्रावरची हालचाल (म्हणजे भाव बदलला म्हणून खरेदी बदलणं) यांत प्रथम वर्षाची मुलं घोटाळा करतात’ हा होऊ शकतो. चार क्रेडिटचा थिअरी पेपर म्हणजे साठ तास. त्यातल्या तीन-चार तासांत मावेल एवढीच गाठ घ्या. त्याहून मोठी घेतलीत तर चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) काम अर्धवट राहील आणि सुट्टीनंतर कोणी ते हातात घेणार नाही.

गाठ निवडताना तीन गोष्टी बघा:

- दरवर्षी, प्रत्येक महाविद्यालयात ती आढळते का? मागच्या दोन-तीन वर्षांच्या उत्तरपत्रिका आठवून प्रत्येकाने स्वतंत्रपणे पाच गाठी लिहाव्यात. तीन जणांच्या यादीत जी सापडेल ती घ्या.
- ती समजण्याची अडचण आहे की पाठांतराची? व्याख्या आठवत नाही ही गाठ नव्हे. व्याख्या पाठ असूनही उदाहरण चुकतं, ती गाठ.
- पुढचं काही तिच्यावर उभं आहे का? मागणीचा घोळ सुटला नाही तर लवचीकता, करांचा परिणाम, सगळंच डळमळतं.

स्वायत्त महाविद्यालय सोबत असेल (मडगावचं पार्वतीबाई चौगुले महाविद्यालय हे एक) तर त्यांचा अभ्यासक्रम त्यांचा स्वतःचा असतो. घटकाचं नाव तेच दिसलं म्हणून गृहीत धरू नका. तो भाग कितव्या सेमिस्टरला, कितव्या आठवड्यात येतो ते विचारून घ्या.

२. माणसं: चार ते सहा

प्रत्येक महाविद्यालयातून एक किंवा दोन शिक्षक पुरेत. आठाच्या वर गेलात की सगळ्यांना सोयीची वेळच मिळत नाही. शक्य असेल तर एक जण त्या विषयाबाहेरचा घ्या. शिक्षणशास्त्राचा असेल तर उत्तम, गणिताचाही चालेल. ‘हे मला कळलं नाही’ हे वाक्य तोच म्हणू शकतो.

विद्यार्थीही घ्या, प्रत्येक महाविद्यालयातून दोन. पण चालू वर्गातले नकोत, तोच पेपर देऊन पुढच्या वर्षाला गेलेले हवेत. प्रश्नांचे मसुदे वाचायचे आणि कुठे अडखळायला होतं ते सांगायचं, एवढंच त्यांचं काम. मुलांचे गुण त्यांच्यासमोर येता कामा नयेत.

एक नाजूक बाब. बऱ्याच महाविद्यालयांत काही शिक्षक लेक्चर बेसिसवर असतात. त्यांना तासाचे पैसे मिळतात, बैठकीचे नाही. प्रश्न टाइप करणं, गुण भरणं ही कामं हळूहळू नेमकी त्यांच्याच अंगावर येतात. कोण काय करणार ते पहिल्याच बैठकीत लिहून काढा आणि कारकुनी काम कायम नोकरीतल्यांकडे ठेवा. लेखकांच्या नावांचा क्रमही त्याच दिवशी ठरवा. निबंध लिहून झाल्यावर हा विषय निघाला की चांगली मैत्री बिघडते.

३. परवानग्या आणि कागद

अभ्यासक्रम बदलायचा असेल तर अभ्यासमंडळ आणि पुढे विद्वत परिषद असा रस्ता आहे. इथे तुम्ही फक्त शिकवण्याची रीत बदलत आहात, म्हणून तिथे जायची गरज नाही. लागतील ते कागद असे:

- प्रत्येक प्राचार्यांना एक पानी पत्र: गाठ कोणती, किती तास, कोणते शिक्षक, बाहेरचे निरीक्षक कोणत्या दिवशी येणार
- त्यावर प्राचार्यांची लेखी संमती
- आयक्यूएसीला, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला, दिलेली प्रत (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला अध्यापन-अध्ययन आणि मूल्यमापनाची माहिती देताना ही नोंद त्यांना उपयोगी पडते, म्हणून सहसा कोणी अडवत नाही)
- विद्यार्थ्यांचं संमतिपत्र
- निष्कर्ष छापायचे असतील तर महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता, तीही माहिती गोळा करण्याआधी
- निधी घेतला असेल तर अंदाजपत्रक, पावत्या आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र

सामंजस्य करार लागतोच असं नाही. दोन संस्थांनी करार करायचा म्हटलं की व्यवस्थापन, वकील, सह्या यांत सेमिस्टर जातं. पहिल्या वर्षी पत्रांवर भागवा.

प्राचार्यांच्या पत्रात एक वाक्य मात्र गाळू नका: ‘वर्गनिरीक्षणाच्या नोंदी शिक्षकाच्या गोपनीय अहवालासाठी किंवा बढतीसाठी वापरल्या जाणार नाहीत.’ हे वाक्य नसेल तर निरीक्षणाच्या दिवशी शिक्षक बेतीव, घोटवलेला तास दाखवतो आणि तो पाहून कोणाला काही कळत नाही.

संमतिपत्रात हमखास होणारी चूक म्हणजे वय. जूनमध्ये प्रथम वर्षाला बसलेली कित्येक मुलं सतरा वर्षांची असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालच्यांना बालक मानतो, तेव्हा अशा मुलांच्या पालकांचीही सही घ्या. आणि संमती नाकारणाऱ्या मुलाने तास चुकवायचा नसतो. तो बसेल, शिकेल, फक्त त्याचे गुण हिशेबात धरायचे नाहीत. हे पत्रात स्पष्ट लिहा.

४. वेळापत्रक चवथीकडून मागे मोजा

आपल्याकडच्या पहिल्या सेमिस्टरची कंबर चवथीच्या सुट्टीत मोडते. ती दरवर्षी सरकते: २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहे. तिच्या आधीच्या आठवड्यात हजेरी गळते आणि नंतर परीक्षेची घाई सुरू होते. म्हणून शेवटची चाचणी सुट्टीच्या निदान दहा दिवस आधी आटोपेल असं बघा.

साधारण क्रम असा: मार्च-एप्रिलमध्ये गाठ आणि माणसं. मे महिन्यात प्रश्न आणि तासाचा आराखडा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पूर्वचाचणी. जुलैत तास, दर आठवड्याला एका महाविद्यालयात. उत्तरचाचणी (तासानंतरची चाचणी) लगेच घेऊ नका, प्रत्येक वर्गात तासानंतर दोन-तीन आठवडे जाऊ द्या. ऑक्टोबरमध्ये आकडेमोड.

ठिकाणाचं म्हणाल तर फोंडा मध्यावर पडतं. काणकोणच्या माणसाला पणजी सत्तरेक किलोमीटर दूर आहे. दर वेळी ताळगावच्या पठारावर, विद्यापीठात, बैठक ठेवली तर तो तिसऱ्या बैठकीला येणार नाही. दोन बैठका प्रत्यक्ष घ्या, पहिली आणि आकड्यांची. बाकीच्या ऑनलाइन चालतात.

५. चाचणी तासाच्या आधी लिहा

नव्या गटांचा कल उलटा असतो. आधी रंगीत स्लाइड्स होतात आणि चाचणी ‘नंतर बघू’ म्हणून राहते. मग तास झाल्यावर, जे शिकवलं तेच विचारणारी चाचणी तयार होते आणि सगळे उत्तीर्ण. चाचणी आधी लिहिली की आपल्याला नेमकं काय साधायचं आहे यावर गटात भांडण होतं. ते भांडण मे महिन्यातच झालेलं बरं.

दहा ते बारा बहुपर्यायी प्रश्न, वीस मिनिटं. चुकीचे पर्याय मनाने रचू नका. मे महिन्यात वर्ग भरत नाहीत, म्हणून मार्चमध्येच प्रथम वर्षाच्या तीस-चाळीस मुलांना तोच प्रश्न पर्यायांशिवाय द्या आणि चार ओळी लिहायला सांगा. मुलांनी केलेल्या चुकाच तुमचे पर्याय.

एक प्रश्न नमुन्यादाखल उलगडून बघू.

‘गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. जूनमध्ये बांगड्याचा भाव चढला आणि घरोघरी बांगडा कमी घेतला गेला. बांगड्याच्या मागणी वक्राचं काय झालं?

अ) तो डावीकडे सरकला.
ब) तो जागीच राहिला, ग्राहक त्याच वक्रावर वर गेले.
क) तो उजवीकडे सरकला, कारण भाव चढला म्हणजे मागणी वाढली.
ड) मागणी आणि पुरवठा हे दोन्ही वक्र डावीकडे सरकले.’

उत्तर ब. पुरवठा आटला, भाव चढला, लोकांनी खरेदी कमी केली. लोकांची आवड, उत्पन्न, संख्या यांतलं काही बदललं नाही, म्हणून मागणी वक्र हलला नाही.

आता यातली खाच पाहा. ‘जूनमध्ये’ ऐवजी ‘पावसाळ्यात’ असं लिहिलं असतं तर प्रश्न फसला असता. जुलैअखेर किंवा ऑगस्टात श्रावण लागतो, अनेक हिंदू घरांत मासे बंद होतात आणि मग मागणी वक्र खरोखरच डावीकडे सरकतो. हुशार मुलगी ‘ड’ लिहील, तिचं बरोबर असेल आणि तुम्ही तिला शून्य द्याल. अशा खाचा विषयतज्ज्ञाला दिसत नाहीत, पुढच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पटकन दिसतात. त्यांना मसुदा वाचायला द्यायचा तो यासाठीच.

श्रावणाचा प्रश्न वाया मात्र घालवू नका. उत्तरचाचणीत तो वेगळा विचारा. दोन्ही चाचण्यांत तेच प्रश्न ठेवले तर मुलं उत्तरं आठवून लिहितात. तीच कल्पना, वेगळं उदाहरण अशी जोडी प्रत्येक प्रश्नासाठी बनवा.

चाचणीचे गुण आयएसएत (सेमिस्टरमधल्या अंतर्गत मूल्यमापनात) धरू नका. गुण आले की शिकवणी आली, शेजारच्याच्या कागदात डोकावणं आलं आणि मोजमाप बिघडलं.

६. तास आखताना

मोठं काही नको. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून वापरलेली, मुलांनी एकमेकांना समजावण्याची पद्धत साठ मुलांच्या वर्गातही चालते:

- प्रश्न फळ्यावर. एक मिनिट गप्प बसून विचार.
- सगळ्यांनी एकाच वेळी उत्तर दाखवायचं.
- बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्के असतील तर दोन-तीन मिनिटं शेजाऱ्याशी वाद घालायला सांगा. शेजारी वेगळ्या उत्तराचा असावा.
- पुन्हा उत्तर दाखवा, मग तीन मिनिटं तुम्ही बोला.

३० च्या खाली असतील तर वाद घालू देऊ नका, आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवल्यासारखं होतं. कल्पना पुन्हा समजावा. ७० च्या वर असतील तर दोन वाक्यांत आटपून पुढे चला. एका प्रश्नाला आठेक मिनिटं लागतात. तासाला चार प्रश्न घेतले म्हणजे खूप झाले.

उत्तर दाखवायला मोबाइल नको. जुलैत वीज जाते, नेट जातं, आणि दोन मुलांचा फोन दुरुस्तीला असतो. ए-४ कागद दोनदा घडी घालून चार भाग करा, प्रत्येक भागावर एक मोठं अक्षर: अ, ब, क, ड. मुलाने हवं ते अक्षर वर येईल अशी घडी घालून कागद हनुवटीखाली छातीशी धरायचा. शिक्षकाला सगळे दिसतात, मागच्या बाकाला पुढच्याचं उत्तर दिसत नाही. साठ मुलांना साठ कागद.

आणि भाषा. आपल्याकडची पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकून पाचवीपासून इंग्रजीत गेलेली असतात. वर्गात पेपर इंग्रजी, डोक्यात विचार घरच्या भाषेत. वर दिलेला घोळ अर्धा भाषेचाच आहे. बाजारात आपण ‘मागणी वाढली’ म्हणतो तेव्हा वक्र सरकला की जास्त नग खपले, हे शब्दातून कळतच नाही. मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘मागणीतील विस्तार’ आणि ‘मागणीतील वृद्धी’ असे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत, ते इथे फार कामाला येतात. शेजाऱ्याशी वाद कोकणीत किंवा मराठीत होऊ द्या, शेवटी उत्तराचं एक वाक्य इंग्रजीत लिहून घ्या. परीक्षा त्या भाषेत आहे, हे विसरून चालत नाही.

नवे व्हिडिओ बनवण्याच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नका. उच्च शिक्षण संचालनालयाच्या ‘दिश्टावो’ उपक्रमात २०२० पासून पदवीच्या अभ्यासक्रमांवरचे व्हिडिओ तयार झालेले आहेत. तुमच्या घटकावरचा असेल तर तासाच्या आधी घरी पाहायला सांगा.

७. निरीक्षण: नजर मुलांवर

एक शिक्षक शिकवतो, बाकीचे दोन किंवा तीन मागे नाही तर बाजूला बसतात. प्रत्येकाने दोन बाकं वाटून घ्यायची आणि तेवढीच बघायची. कागदावर बाकांचा आराखडा, शेजारी दर पाच मिनिटांची एक रेघ. लिहायचं ते दिसलेलं आणि ऐकलेलं: ‘दहा वाजून वीस, तिसऱ्या बाकावरच्या मुलाने क वरून ब केलं, कारण शेजारीण म्हणाली, भाव चढला म्हणून आवड बदलत नाही.’ ‘मुलं रमली होती’ हे निरीक्षण नव्हे.

चर्चा त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात. आधी शिकवणारा बोलेल, मग बाकीचे. ‘छान झाला’ या शब्दांवर बंदी घाला, त्याने चर्चा तिथेच संपते. कोणता प्रश्न फसला, कुठे वेळ कमी पडला एवढंच ठरवा आणि आराखडा दुरुस्त करून पुढच्या महाविद्यालयाकडे पाठवा. पुढच्या आठवड्यात तिथे सुधारलेला तास होतो. चौथ्या वर्गापर्यंत आराखड्यातले निम्मे प्रश्न बदललेले असतात, त्यात वावगं काही नाही. प्रत्येक आवृत्ती तारीख घालून वेगळी ठेवा, नाहीतर कोणत्या वर्गाला काय शिकवलं ते ऑक्टोबरमध्ये सांगता येणार नाही.

८. मध्येच मुलांना विचारा

सेमिस्टरच्या मध्यावर वीस मिनिटं काढा. वर्गाचा शिक्षक बाहेर जातो, दुसऱ्या महाविद्यालयातला सहकारी आत येतो. मुलांचे चार-पाच जणांचे गट. प्रश्न तीन: शिकायला कशाची मदत होते, कशाची अडचण होते, काय बदलावं? गटाने एकमताने उत्तर लिहायचं, नाव घालायचं नाही. आलेला माणूस ते शिक्षकाला तोंडी सांगतो. पुढच्या तासाला शिक्षकाने त्यातली एक तरी गोष्ट बदलून, बदलली असं मुलांना सांगायचं. हे राहिलं तर पुढच्या वेळी कोरे कागद येतात.

९. आकडे

ज्यांनी दोन्ही चाचण्या दिल्या तेवढीच मुलं धरा. त्यासाठी प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक द्या. क्रमांक आणि नावांची यादी त्या वर्गाला न शिकवणाऱ्या एकाच माणसाकडे राहील. मुलांना स्वतः क्रमांक बनवायला सांगितला तर दुसऱ्या वेळी पाच-सहा जणांना तो आठवत नाही.

सरळ सरासरी वजा करून चालत नाही, कारण काही वर्ग आधीच पुढे असतात. ज्याचे पूर्वचाचणीत ८० आहेत त्याला वाढायला जागाच वीसची. म्हणून उरलेल्या जागेपैकी किती भरली ते काढा. पूर्वचाचणीची सरासरी ३५ टक्के, उत्तरचाचणीची ६१ असेल तर:

(६१ − ३५) ÷ (१०० − ३५) = २६ ÷ ६५ = ०.४

भौतिकशास्त्रात रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये सहा हजारांवर विद्यार्थ्यांचे आकडे याच मापाने तपासले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत ते सरासरी ०.२३ आलं, मुलांना बोलतं करणाऱ्या वर्गांत ०.४८. तुमची चाचणी त्यांची नव्हे, म्हणून हे आकडे अंदाजापुरतेच धरा, बरोबरी करू नका.

महाविद्यालयांचा क्रम लावू नका. तक्त्यात नावांऐवजी पहिला, दुसरा, तिसरा, चौथा वर्ग असं लिहा. पंचवीस मुलांच्या वर्गात तीन मुलांनी मनावर घेतलं तरी सरासरी हलते. कोणत्या प्रश्नावर चारही वर्ग अडले ते मात्र नीट बघा, गटाला सर्वांत उपयोगी माहिती तिथे असते.

१०. पुढच्याच्या हाती देताना

एक सामाईक फोल्डर करा. त्यात शेवटचा आराखडा, दोन्ही चाचण्या, उत्तरांची कारणं, घडीच्या कागदाचा नमुना आणि ‘काय फसलं’ असं एक पान ठेवा. पुस्तकातून उचललेल्या आकृत्या असतील तर काढून स्वतः काढलेल्या घाला. मग क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावा, म्हणजे दुसऱ्याला विचारत बसावं लागत नाही. चाचण्या मात्र उघड्या ठेवू नका, मागेल त्या शिक्षकालाच द्या. नाहीतर पुढच्या जूनपर्यंत त्या मुलांच्या व्हॉट्सअॅपवर फिरतील.

अभ्यासमंडळाला एक पानी टिपण पाठवा: या घटकाला नेमून दिलेले तास पुरतात की नाही, आणि कोणत्या क्रमाने शिकवलं तर सोपं जातं. संमतिपत्रं आणि नावांची यादी फोल्डरमध्ये ठेवायची नाही. ती कुलपात, आणि संमतिपत्रात लिहिलेली मुदत संपली की फाडून टाकायची.